मॉडेल म्हणजे चित्र नव्हे!

माकुणसारसारख्या गावात घर बांधताना काही चुकलं तर काय करतात? गवंडी छिन्नी-हातोडा घेतो आणि फोडतो. प्लंबर स्लॅब झाल्यावर उगवतो, इलेक्ट्रिशियन प्लास्टर झाल्यावर, आणि दोघंही भिंत फोडून आपापली वाट काढतात. आपल्या भाषेत, थेट प्रॉडक्शनवर पॅच! विटांच्या घरात ते खपून जातं.

आता याच पालघर जिल्ह्यातून, विरार-बोईसरवरून जाणारा बुलेट ट्रेनचा मार्ग घ्या. 40 मीटरचा एकसंध गर्डर, वजन सुमारे 970 टन. यार्डात ओतायचा, आधी बसवलेल्या गर्डरांवरूनच पुढे न्यायचा आणि लाँचिंग गॅन्ट्रीने खांबांवर ठेवायचा. इथे कुठली छिन्नी चालवणार? प्रत्येक भोक काँक्रीट ओतण्याआधीच ठरलेलं हवं.

घरांचंही तेच. 2022 मध्ये सिडकोने उलव्याजवळ बामणडोंगरीला 96 फ्लॅट्सची बारा मजली इमारत प्रीकास्ट पद्धतीने 96 दिवसांत उभी केली. सगळ्यांनी दिवस मोजले. पण हा वेग क्रेनमुळे येत नाही हो, निर्णय आधी घेतल्यामुळे येतो. आणि निर्णय आधी घेण्याची जागा म्हणजे डिजिटल मॉडेल, ज्याला बिम म्हणतात ते.

माझं भांडण इथेच आहे. आपल्याकडे बिम म्हणजे टेंडरच्या प्रेझेंटेशनमधला फिरता व्हिडिओ. ड्रॉइंग आधी टूडीत काढायचं, मग कुणातरी ज्युनियरला बसवून त्यावरून मॉडेल बनवून घ्यायचं. हे कोड लिहून झाल्यावर डिझाइन डॉक्युमेंट लिहिण्यासारखं झालं. असलं मॉडेल कारखान्यात पाठवलंत तर चूक एकदा होत नाही, साच्यातून शंभरदा छापून येते.

"अहो, आमच्या गवंड्याला तुमच्या मॉडेलपेक्षा जास्त कळतं," असं म्हणणारे भेटतात. अगदी मान्य! म्हणूनच त्याला मॉडेल फ्रीज होण्याआधी बोलवा, नंतर नको. पाऊस कुठून मारतो, सांधा कुठे गळेल, हे त्याला विचारा. मॉडेलमध्ये क्लॅश नाही म्हणजे इमारत सुरक्षित, असंही नाही. 1968 मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट या बावीस मजली प्रीकास्ट इमारतीत गॅसचा स्फोट झाला आणि एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. दोष पॅनेल जोडणाऱ्या सांध्यांत होता. प्रोग्रामरला हे वेगळं सांगायला नको: मॉड्यूल पास होतं, इंटरफेस फसतो.

आणि इमारत झाल्यावर मॉडेल कुणाकडे? बहुतेकदा कंत्राटदाराच्या हार्ड डिस्कवर. वीस वर्षांनी सोसायटीला किंवा गावच्या शाळेला भिंतीत भोक पाडायचं असेल, तर आत सळई आहे की सांधा, हे कुणाला विचारायचं?

म्हणून सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक प्रीकास्ट कामाच्या टेंडरमध्ये तीन अटी हव्यात. साचा बनण्याआधी मॉडेल फ्रीज. नंतरचा प्रत्येक बदल कुणी, कधी, का केला याची नोंद. आणि शेवटी, जसं बांधलं तसं मॉडेल मालकाच्या ताब्यात, तेही आयएफसीसारख्या खुल्या फॉरमॅटमध्ये. वर्जन कंट्रोल आणि सोर्स कोड दिल्याशिवाय आपला क्लायंट बिल पास करतो का? मग घरांच्या बाबतीत एवढं औदार्य कशाला?

असो. पटत नसेल तर जरूर भांडा.