मतदाराच्या कामाची बातमी

निवडणूक जवळ येऊ लागली की वृत्तपत्रांची पाने बातम्यांनी फुगतात. उमेदवारी कोणाला मिळाली, कोणाची कापली गेली, कोण कोणाच्या गोटातून उठून कोणाच्या गोटात बसला, कोणत्या मतदारसंघात कोणत्या जातीची किती मते आहेत, यांची चर्चा सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालते. कचेरीतील कारकून, शाळेतील मास्तर आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांपैकी कोणीच तीत मागे नसतो. त्यात गैर काही नाही. लोकशाहीत निवडणूक ही थोडीफार जत्राही असावयाचीच. परंतु या गदारोळात मत देण्यासाठी खरोखर उपयोगी पडेल अशी बातमी किती असते, असा शोध घेऊ लागले म्हणजे हाती फारसे लागत नाही. कोण जिंकणार हे पैज लावणाऱ्याला ठाऊक असावे लागते. मत देणाऱ्याला जाणून घ्यावयाचे असते ते एवढेच की, गेल्या पाच वर्षांत काय झाले, पुढे काय करू म्हणतात आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणाच्या खिशातून येणार.

महाराष्ट्राच्या मतदाराला हा अनुभव २०२४ साली सहा-सात महिन्यांत दोनदा आला. एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेची निवडणूक झाली आणि नोव्हेंबरात विधानसभेची. पहिलीत राज्यातील ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या. दुसरीत २८८ पैकी महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या. १ जूनला सायंकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी देशाचा जो निकाल सांगून टाकला होता, त्यावर विश्वासून मुंबईचा शेअरबाजार ३ जूनला उसळला आणि ४ जूनला, मतपेट्यांतील खरा आकडा दिसताच, कोसळला. भाकितांची किंमत त्या दोन दिवसांत कळून आली. तरीही पुढच्या निवडणुकीत तीच भाकिते त्याच उत्साहाने छापली गेली आणि वाचलीही गेली, हे लोकांच्या विस्मरणशक्तीला साजेसेच झाले.

अशा वेळी ज्या मतदाराला शहाणपणाने वाचावयाचे असेल त्याने मथळ्यांपेक्षा तारखांकडे अधिक लक्ष द्यावे. मथळा पक्ष घडवितो. तारीख कोणालाच लपविता येत नाही.

कांद्याचेच उदाहरण घ्यावे. मध्यप्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगण येथील मतमोजणी ३ डिसेंबर २०२३ रोजी झाली. त्यानंतर पाचव्या दिवशी, ८ डिसेंबरपासून, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क लावून झालेच होते. डिसेंबर महिन्यात नाशिक जिल्ह्याच्या बाजारांत येतो तो लाल कांदा. उन्हाळी कांद्याप्रमाणे तो चाळीत भरून ठेवता येत नाही. उपटला की आठवड्या-दोन आठवड्यांत विकावाच लागतो. त्यामुळे बंदीची बातमी येताच जिल्ह्यातील बाजारांत लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी रस्त्यावर आले. बंदीची मुदत ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे वाढविण्यात आली. ती उठली ४ मे २०२४ रोजी. टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ही दोन ओझी लादून ती उठली, आणि नाशिक व दिंडोरी येथील मतदान होते २० मे रोजी. सोळा दिवसांपूर्वी उघडलेल्या दाराबद्दल आभार मानावेत, की पाच महिने ते बंद ठेवल्याबद्दल जाब विचारावा, हे त्या भागातील मतदाराने ठरविले. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या आणि नाशिकात विद्यमान खासदार पडले. पराभवाची कारणे एकाहून अधिक असतात, हे मान्य करूनही कांद्याला त्यांतून वगळता येणार नाही. पुढे १३ सप्टेंबरला किमान निर्यातमूल्याची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आले. विधानसभेची निवडणूक महिन्याभरात जाहीर व्हावयाची होती. राहिलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. बंदी घालणाऱ्या सरकारपुढे मुंबई-पुण्याचा पगारदार ग्राहकही होता, आणि त्याला कांदा स्वस्त हवा होता. कांदा महागला म्हणून सरकारे पडल्याची आठवण कोणताही पक्ष विसरलेला नाही. १९९८ साली दिल्लीत ती ताजी झाली होती. ग्राहक आणि उत्पादक यांच्या हिताचा मेळ घालणे हे अवघड काम आहे, यात शंका नाही. मात्र ते काम पिकाच्या वेळापत्रकाने व्हावयास हवे, आणि येथे ते मतदानाच्या वेळापत्रकाने झालेले दिसते.

आता दुसरी बाजू पाहावी. २८ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या निकालानंतर चोवीस दिवसांनी, राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळावयाचे होते. ऑगस्टात पहिले दोन हप्ते खात्यांत पडले. ऑक्टोबर व नोव्हेंबर यांचे हप्ते आचारसंहितेपूर्वीच एकदम देण्यात आले. १४ ऑक्टोबरला मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरील हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, आणि १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली.

सुशिक्षित वर्गात या पैशाची ‘लाच’ म्हणून संभावना करण्याची पद्धत पडली आहे. ती उथळ आहे. ज्या बाईला स्वतःच्या नावावर कधी काहीच मिळाले नाही तिच्या खात्यात दीड हजार रुपये येणे म्हणजे काय, हे शेतमजूर किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीला विचारावे. औषधाला आणि मुलांच्या वह्यांना नवऱ्यापुढे हात पसरावा न लागणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय या वर्गाने स्वतःकडेही पाहावे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर होते. अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देणारी केंद्राची नवी योजना राज्य मंत्रिमंडळाने स्वीकारली ती २५ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे त्याच निवडणुकीच्या उंबरठ्यावर. गरीब बाईला मिळाली ती खिरापत आणि पगारदाराला मिळाला तो हक्क, असा भेद करणे त्याला सोयीचे असेल. अर्थसंकल्पात दोन्ही रकमा एकाच खर्चाच्या बाजूला लिहिल्या जातात.

प्रश्न आहे तो हिशेबाचा, आणि तो मांडण्यास उच्च गणित लागत नाही. दरमहा १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. लाभार्थी सुमारे २ कोटी ४० लाख धरल्या, तर वर्षाचा खर्च ४३,२०० कोटी होतो. सरकारने ४६,००० कोटींची तरतूद सांगितली होती, ती याच्याशी जुळते. प्रचारात महायुतीने ही रक्कम २,१०० करण्याचे वचन दिले. त्या हिशेबाने खर्च ६०,४८० कोटी झाला. योजनेवर टीका करणाऱ्या महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. खर्च ८६,४०० कोटी झाला. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तोही मिळत नव्हता. व्यासपीठांवर मात्र ६,००० आणि ७,००० असे आकडे पुकारले जात होते. लिलावात बोली वाढविणाऱ्याला निदान स्वतःचा पैसा द्यावा लागतो. येथे बोली लावणारा एक, भरणारा दुसरा, आणि भरणाराच टाळ्या वाजवीत होता.

निकालानंतर काय झाले? मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती; २,१०० रुपयांचा पत्ता नव्हता. राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर आणि महसुली तूट ४५,८९१ कोटींवर जाईल, असा अंदाज त्याच अर्थसंकल्पाने दिला. त्याच वर्षी अर्जांची छाननी सुरू झाली आणि जुलैत सुमारे २६ लाख नावे अपात्र म्हणून बाजूला काढण्यात आली. सरकारी नोकरीत असूनही हप्ता घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक महिलाही तीत सापडल्या. ही छाननी २०२४ च्या ऑगस्टात करता आली नसती, असे कोणताही सरकारी कारकून म्हणणार नाही. उत्पन्नाचे दाखले, शिधापत्रिका आणि वेतनाची देयके तेव्हाही त्याच कचेऱ्यांत होती. वेळ नव्हता, कारण नोव्हेंबर जवळ आला होता.

बातमीच दाबली गेली तर काय, याचाही अनुभव या देशाने घेतला आहे. २६ जून १९७५ पासून वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था करण्यात आली. गाड्या वेळेवर धावतात, संप थांबले आहेत, शिस्त आली आहे, एवढेच छापून येई. परंतु पगारदाराच्या हातात महिन्याअखेर एक कागद पडे, त्याची तपासणी कोणी करू शकत नव्हते. १९७४ च्या सक्तीच्या ठेव कायद्याने वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम अडकवून ठेवली होती. १९७५ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली तेव्हा मतदाराने वृत्तपत्र आणि पगारपत्रक शेजारी ठेवून वाचले असले, तर नवल नाही. मार्चच्या निकालात दिल्लीतील सरकार गेले. आज दाबलेल्या बातमीची जागा बातम्यांच्या पुराने घेतली आहे, आणि त्यात कामाचा कागद वाहून जातो.

तो हाती देण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक नियम करण्यास निवडणूक आयोगास सांगितले. वचन पुरे करण्यासाठी पैसा कोठून आणणार हे ढोबळ मानाने सांगावे, असा नियम त्यातून आचारसंहितेत आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने त्यासाठी एक तक्ताच सुचविला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविले, आणि कोणी किती रोखे घेतले व कोणत्या पक्षाने किती वटविले याची यादी १४ मार्चला आयोगाने प्रसिद्ध केली. दोन दिवसांनी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. सहा वर्षे झाकून ठेवलेली बातमी मतदाराला मतदानाआधी मिळाली, ती कोर्टाच्या आदेशाने. खर्चाचा तो तक्ता मात्र २०२४ च्या मतदाराला कोणी भरून दिला नाही.

तक्ते भरण्याची गोष्ट निघालीच आहे, तर या पानाच्या वाचकांपैकी अनेकांना एक तक्ता चांगलाच परिचयाचा असेल. मतदानाच्या आदल्या दिवशी यंत्रे आणि पाकिटे घेऊन केंद्रावर मुक्कामाला जाणारे शिक्षक आणि कारकून मतदान संपल्यावर १७-सी हा नमुना भरतात. मतदार किती, मते किती पडली, मत न देता किती जण परतले, यंत्राचा क्रमांक काय, हे सारे त्यात लिहावे लागते. प्रतिनिधींना त्याची प्रत द्यावी लागते, आणि एका मताची तफावत निघाली तरी मध्यरात्रीपर्यंत खुलासे करीत बसावे लागते. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांच्या मर्यादेत केलेल्या खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि ८६,४०० कोटींचे वचन देताना कोणत्याही नमुन्यावर कोणाचीही सही लागत नाही.