विधिमंडळाचे अभिनंदन कोणाच्या वाट्याला?

राजूर (विशेष प्रतिनिधी) : ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातील रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा ५ जुलै २०२४ रोजी विधान भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात सत्कार झाला. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघाला ११ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. क्रिकेट नियामक मंडळाने १२५ कोटी रुपये दिले असताना राज्याच्या तिजोरीतून ही रक्कम कशासाठी, असा सवाल विरोधकांनी केला. वाद रकमेभोवतीच फिरला. विधिमंडळाने खेळाडूंचा गौरव कोणत्या निकषावर करावा, हा मूळ प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

अमेरिकेतील राज्यांची विधिमंडळे महाविद्यालयीन संघाच्या विजेतेपदाचाही रीतसर ठराव करतात. खेळाडू आणि प्रशिक्षकांची नावे सभागृहाच्या दप्तरी कायमची नोंदली जातात. त्यासाठी फारसा खर्च येत नाही. आपल्याकडेही अभिनंदनाचा प्रस्ताव नवा नाही; पण तो बहुधा आंतरराष्ट्रीय यशापुरताच राहतो. विद्यापीठांच्या 'अश्वमेध' स्पर्धेत कबड्डी वा खो-खोचे विजेतेपद मिळविणारा संघ त्या पायरीपर्यंत क्वचितच पोहोचतो.

चित्र बदलते आहे, पण...

देशी खेळांची उपेक्षा होते, ही तक्रार अलीकडे काहीशी बोथट झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला नमविले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. राज्य सरकारने आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये दिले. बुद्धिबळातील महिला विश्वचषक २०२५ मध्ये जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखला तीन कोटी मिळाले. गौरवाची ही गंगा शिखरावर वाहते. पायथ्याशी मात्र कोरडच आहे.

अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातील राजूरला विधान भवन अपरिचित नाही. येथील मधुकरराव पिचड १९८० पासून सलग सात वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि १९९५ ते १९९९ या काळात विरोधी पक्षनेते होते. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय राजूरलाच आहे. कळसूबाईच्या परिसरातील वाड्या-वस्त्यांवरील मुले आश्रमशाळांतून येथील महाविद्यालयात येतात. डोंगर चढण्या-उतरण्यात तयार झालेली त्यांची दमछाती ही नैसर्गिक देणगी आहे. तिला हवी आहे ती मैदानाची, प्रशिक्षकाची आणि सकस आहाराची जोड.

ठराव आणि तरतूद

ठरावाने सन्मान होतो. पोट भरत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ मात्र स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्राची पडताळणी यांवर अवलंबून असतो. बोगस प्रमाणपत्रांमुळे ही पडताळणी काटेकोर होणे अपरिहार्य होते. परंतु कागदपत्रांच्या फेऱ्यांत खरा खेळाडूच अधिक दमतो.

म्हणूनच सभागृहाने दोन गोष्टी एकत्र करायला हव्यात. विद्यापीठ पातळीवरील विजेत्या संघांची प्रत्येक अधिवेशनात नोंद घ्यावी आणि त्या संघांच्या तालुक्यांत क्रीडा सुविधांवर किती खर्च झाला, याचा हिशेब त्याच वेळी क्रीडामंत्र्यांकडे मागावा. अभिनंदनाला असा जाब जोडला गेला, तरच बाके वाजविण्याला काही अर्थ उरेल.