घाट मांडायचा तर पाट्याही हव्यात

एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान करून, नाशिक रोड स्थानकावरचा हमाल जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा भरतो. लाल सदरा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅगा. मॉडेल रेल्वेच्या दुकानात हा हमाल सहसा मिळत नाही. मिळतात ते युरोपीय प्रवासी, हॅट आणि ओव्हरकोट घातलेले. मग घरातल्या टेबलावर मध्य रेल्वेची गाडी धावते आणि फलाटावर तिची वाट पाहत उभी असतात बव्हेरियातली माणसे.

हा छंद महाराष्ट्रात नवा नाही, पण त्यातला पैसा आणि वेळ जातो इंजिन, रूळ आणि विजेच्या जोडणीवर. उरलेल्या जागेवर हिरवा कागद पसरला जातो, उतरत्या छपराची दोन तयार घरे ठेवली जातात आणि देखावा संपला असे मानले जाते. ही प्राधान्ये उलटी करायला हवीत. गाडी कुठल्या गावातून चालली आहे, हे इंजिनापेक्षा फलाटावरची पिवळी पाटी, तारेच्या कुंपणावर वाळत घातलेली साडी आणि फाटकापाशी थांबलेला ट्रॅक्टर जास्त ठामपणे सांगतात.

त्याला एक भक्कम तांत्रिक पुरावाही आहे. भारतीय ब्रॉडगेज रुळांतले अंतर 1676 मिलिमीटर. एचओ मापात ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवे. बाजारातला रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजवरून बेतलेला आहे. म्हणजे या मापातल्या बहुतेक भारतीय लेआउटचा पायाच पावणेतीन मिलिमीटरने अरुंद. बघणाऱ्याला ते कळतही नाही. पण त्याच लेआउटवर इगतपुरीची पाटी नसेल, तर पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे कुठले स्टेशन?

पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. दोन पिढ्यांतल्या मुलांना या छंदाची ओळख तिथे झाली. सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव असे एक गजबजलेले शहर तिथे मांडले आहे आणि त्यामागची मेहनत थक्क करणारी आहे. ते शहर मात्र काल्पनिक आहे. जोशींनी वाट घालून दिली. आता त्यावरून चालत कुणीतरी खरे, नाव असलेले, नकाशावर सापडणारे गाव मांडायला हवे. हॅम्बुर्गमध्ये 2001 साली सुरू झालेल्या ‘मिनिआटूर वुंडरलांड’मध्ये हॅम्बुर्ग शहरही आहे. आपल्याच शहरातले कोपरे बोटाएवढ्या आकारात ओळखण्याचा आनंद तिथल्या लोकांना मिळतो. तो नाशिककरांना का मिळू नये?

नाशिककडे तर थळ घाट आहे. कसारा ते इगतपुरी साधारण 14 किलोमीटर, 37 मीटरला एक मीटर असा चढ, 1865 मध्ये खुला झालेला मार्ग. कसाऱ्याला गाडीच्या मागे चढावर ढकलणारी बँकर इंजिने लागतात, ती इगतपुरीला सुटतात. हा सगळा घाट एचओ मापात मांडायचा तर 160 मीटर लांबीची खोली लागेल, म्हणजे तो विचार सोडूनच द्यायचा. एहेगावचा उंच पूल मात्र आटोक्यात येतो. 182 फूट उंच आणि 750 फूट लांब असलेला हा पूल एचओ मापात सुमारे 64 सेंटिमीटर उंच आणि अडीच मीटरहून थोडा लांब होतो. दिवाणखान्याची एक भिंत त्याला पुरे.

घाटाचा खडक तरी आपला हवा. तयार साच्यांतून निघणारे प्लास्टरचे कडे बहुधा आल्प्सचे असतात, करडे आणि उभ्या भेगांचे. सह्याद्रीचा बेसाल्ट काळसर, आडव्या थरांचा, पायऱ्या पायऱ्यांनी चढत जाणारा. थर्माकोलचे तक्ते एकावर एक थोडे मागे सरकवत चिकटवले, कडा सुरीने ओबडधोबड केल्या आणि काळ्या-तपकिरी रंगाचा पातळ हात दिला, की तो लगेच इगतपुरीचा दिसू लागतो. रुळांखालची खडीही याच काळ्या दगडाची. बांधकामावरची कच बारीक चाळणीतून काढली तर परदेशी पाकिटाची गरज उरत नाही. आणि ऋतू ठरवायलाच हवा. घाट हिरवागार असतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे; एप्रिलमधला घाट मांडायचा तर गवत पिवळे, झाडे निष्पर्ण आणि माती उघडी हवी. बाराही महिने हिरवे असणारे लेआउट इथले वाटत नाही.

आता पाट्या. स्थानकाची पिवळी पाटी, त्यावर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी, इंग्रजी नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. कसारा आणि इगतपुरीच्या उंचीत सुमारे 300 मीटरचा फरक आहे. दोन्ही पाट्या लेआउटवर आल्या की घाटाची गोष्ट आकड्यांतून आपोआप सांगितली जाते. फाटकाआधी ‘सी/फा’ लिहिलेला शिटीचा फलक. विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक, शिवाय 25,000 व्होल्टची लाल सूचना. फलाटावर पिण्याच्या पाण्याची पाटी, डब्यांच्या जागा दाखवणारे फलक, वडापावच्या ठेल्यावरचे दर.

इथे एक खुबी आहे. शिटीचा फलक फाटकापासून साधारण 600 मीटरवर असतो. एचओ मापात ते अंतर जवळजवळ सात मीटर होते, म्हणजे फलक शेजारच्या खोलीत जाईल. तो अर्ध्या मीटरवर लावला तरी कुणाला खटकत नाही. फलकाची उंची मात्र वाढवली, तर लगेच खटकते. अंतरे आखडता येतात, वस्तूंची मापे नाही. पाटीवरचे एक फूट उंचीचे अक्षर एचओ मापात साडेतीन मिलिमीटर होते. एवढ्या जागेत वेलांटी आणि रफार हाताने काढणे अवघड, पण संगणकावर मांडून चांगल्या प्रिंटरवर छापले तर स्वच्छ वाचता येते. एन मापात, म्हणजे 160 पट लहान, हेच अक्षर दोन मिलिमीटरच्याही आत जाते. तिथे शिरोरेषा बारीक ठेवली नाही तर अक्षरे एकमेकांत मिसळतात. छापलेला कागद कापल्यावर दिसणारी पांढरी कड पेनाने रंगवून टाकावी. आणि पाटी नवीकोरी ठेवू नये. उन्हाने विटलेला पिवळा आणि खालच्या बाजूला चढलेली धूळ हवीच.

नाशिक रोडच्या पुढे मनमाडकडे जाताना तर तपशिलांची रेलचेल आहे. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, समिट. नुसती नावे ओळीने लावली तरी मार्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. निफाडला लोखंडी अँगल आणि तारांवर चढवलेल्या द्राक्षबागा, लासलगावला कांदाचाळी. कांदाचाळ करणे फार सोपे आहे. काड्यापेटीतल्या काड्यांच्या फटीफटीच्या भिंती, जमिनीपासून थोडी उचललेली तळफळी, वर पत्र्यासारखा दुमडलेला कागद. आणि आत लालसर रंगवलेली मोहरी भरली की कांदे.

मोहरी म्हटली की दिवाळीचे किल्ले आठवतात. अंगणात दगड-माती रचून, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवणारी, पायथ्याशी विहीर आणि तटावर मातीचे मावळे मांडणारी मुले हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. गणपतीच्या आराशीतही तेच. लहान मापात गाव उभे करण्याची कला मराठी घराला परकी नाही. म्हणूनच या छंदाला आयात साहित्याचे परावलंबन शोभत नाही.

कुठलेही लेआउट मांडण्याआधी साल ठरवावे. 1975 ठरले तर नुकतीच सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस, हाताचे सिग्नल आणि इगतपुरीला इंजिन बदलण्याची धांदल, कारण तेव्हा मुंबईकडून 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह तिथपर्यंतच होता आणि पुढे 25,000 व्होल्टचा एसी. ऑगस्ट 2020 ठरले तर देवळालीहून दानापूरला निघालेली पहिली किसान रेल्वे आणि फलाटावर भाजीपाल्याच्या पेट्या. 2023 ठरले तर बँकरशिवाय घाट चढणारी शिर्डीची वंदे भारत. आणि कुणी हिंमत करून मागे 1890 पर्यंत गेलेच, तर घोड्यांनी ओढलेली ट्राम. नाशिक शहर ते नाशिक रोड ही ट्राम 1889 मध्ये सुरू झाली. तिचे सल्लागार एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद पडली आणि आज रस्त्यावर तिची खूण शोधून सापडत नाही.

ट्रामच्या बाबतीत जे झाले ते आता पाट्यांच्या आणि फाटकांच्या बाबतीत होते आहे. स्थानकांचे नूतनीकरण सुरू आहे, फाटकांच्या जागी भुयारी मार्ग येत आहेत, हाताने रंगवलेल्या फलकांऐवजी छापील पत्रे लागत आहेत. प्रवाशांची सोय त्यातून वाढते, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र जुन्या वस्तूंची मापे, रंग आणि अक्षरवळण कुठेतरी नोंदवून ठेवायला हवे, आणि मॉडेल करणाऱ्याला ते नोंदवावेच लागते. फोटो काढणारा पाटीचा फोटो काढून पुढे जातो; मॉडेल करणारा तिचे पाय किती उंच, कुठल्या अक्षरावरचा रंग उडाला, मागच्या बाजूला काय लिहिले आहे हे सगळे टिपतो.

नाशिक रोडला रेल्वेची विद्युत अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे, एकलहऱ्याला कर्षण यंत्रांचा कारखाना आहे, मनमाडला रेल्वेच्या पुलांसाठी तुळया बनवणारा कारखाना आहे. या ठिकाणांहून निवृत्त झालेल्या माणसांना इथला एकेक सिग्नल तोंडपाठ आहे. शहरात कलेचे आणि वास्तुकलेचे विद्यार्थी आहेत. कसारा ते मनमाड असा एक कायमचा लेआउट नाशिकमध्ये उभा राहावा, महापालिकेने त्यासाठी एक सभागृह द्यावे आणि प्रत्येक स्थानकाचे काम एकेका शाळेकडे सोपवावे. सुरुवात समिटपासून करावी. ते स्थानक छोटे आहे, तिथे काम फार नाही आणि एका सुट्टीत मोजमाप पूर्ण होऊ शकते.