शोधाचे मोल आणि औषधाचा भाव

पाठीच्या कण्यातील चेतापेशी नष्ट होऊन स्नायू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजारावर रिसडिप्लाम हे औषध आहे. रोश ही स्विस कंपनी त्याची बाटली भारतात सुमारे सहा लाख रुपयांना विकत होती. हैदराबादच्या नॅटकोने ती १५,९०० रुपयांत देऊ केली. नॅटकोला अंतरिम मनाई करण्याची रोशची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. आधीच्या पेटंटांवरून हे संयुग सहज सुचण्याजोगे होते, हा आक्षेप सकृद्दर्शनी ग्राह्य ठरला.

संशोधकाच्या श्रमाला मोल नसावे, असे आम्ही म्हणत नाही. एकाच शोधाचे मोल किती वेळा वसूल करायचे, हा प्रश्न आहे. डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीत क्लाउस बोगेसो व सहकाऱ्यांनी १९७२ साली सिटालोप्राम हे नैराश्यावरील औषध तयार केले. पुढे त्याच रेणूचे गुणकारी अर्धांग एस्सिटालोप्राम म्हणून नव्या पेटंटानिशी बाजारात आले. मूळ औषधाचे स्वस्त पर्याय लांबावेत म्हणून लुंडबेकने प्रतिस्पर्ध्यांना पैसे दिले. २०१३ साली युरोपीय आयोगाने तिला ९.३८ कोटी युरोंचा दंड केला. पैसे घेणाऱ्यांत आपली रॅनबॅक्सीही होती! स्वदेशी भांडवलावर भाबडी श्रद्धा ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९७० च्या कायद्याने औषधाच्या केवळ प्रक्रियेला पेटंट दिले, म्हणून स्वस्त औषधांचा उद्योग येथे उभा राहिला. २००५ साली औषधावरचे पेटंट परत आले. मात्र डाव्या पक्षांच्या रेट्यामुळे जुन्याच औषधाला नवे रूप देऊन मक्तेदारी लांबवण्यास कलम ३(डी) ने अटकाव केला. ते कलम राखलेच पाहिजे.

पण न्यायालयातील विजय यावल-रावेरपासून साक्री-शिरपूरपर्यंत आपोआप पोहोचत नाही. वीस किलोंहून अधिक वजनाच्या रुग्णाला रिसडिप्लामची बाटली बारा दिवस पुरते. महिन्याचा खर्च चाळीस हजारांच्या घरात जातो. कापूस वेचणाऱ्या कुटुंबाने तो कोठून करावा? हा भार शासनानेच उचलला पाहिजे.

मनोविकारांवरील बहुतेक जुनी औषधे पेटंटमुक्त आहेत. तरीही पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी ही राज्याची चारही जुनी मनोरुग्णालये खानदेशाबाहेर आहेत. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ आपल्यासाठी महत्त्वाचे. आवश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयापासून, मनोरुग्णांना सदैव विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे ते सांगते. कार्यकर्त्यांनी जळगाव व धुळे जिल्ह्यांतील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जाऊन औषधसाठा पाहावा, आणि औषध नसेल तेथे लेखी उत्तर मागावे.