मेघसंगणन आणि चऱ्होलीचा ‘ऱ’

ग्रंथालयांतील मेघसंगणन हा विषय अलीकडे ग्रंथालयशास्त्राच्या प्रबंधांतून वारंवार येऊ लागला आहे. खर्चातील बचत, माहितीची सुरक्षितता, ग्रंथपालांची जाणीव यांभोवतीच ही चर्चा बहुधा घुटमळते. दूरच्या संगणकावर ठेवलेली मराठी नोंद वाचकाला सापडते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तो प्रथम विचारावयास हवा.

इंद्रायणीकाठचे चऱ्होली घ्यावे. चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. अशा गावाचा पूर्वेतिहास उत्तरोत्तर ग्रंथालयाच्या तालिकेतूनच शोधावा लागणार. आणि तेथे गावाचे नावच दगा देऊ शकते. युनिकोडमध्ये या नावातील अर्धा ‘र’ टिंबयुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य सांधा जोडूनही. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द होत.

कार्डांच्या तालिकेत ही अडचण नव्हती. एकाच ग्रंथालयाच्या संगणकावर अनुभवी ग्रंथपाल ती सांभाळून घेऊ शके. मेघसंगणनात मात्र अनेक ग्रंथालयांच्या, अनेक हातांनी टंकलिखित झालेल्या नोंदी एकत्र येतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली अशाच सामायिक तालिकेची सोय करते. तेथे एका ग्रंथालयाचे चऱ्होली दुसऱ्याच्या चऱ्होलीला ओळखणार नाही, असे घडू शकते.

मग सगळेच ‘र’ एक मानावेत, असे कोणी सुचवील. ल्युसीन या प्रचलित शोधप्रणालीतील हिंदीसाठीचा नियम नेमके हेच करतो. ‘ऱ’चा तो सरळ ‘र’ करतो. हिंदीचे त्यात फारसे बिघडत नाही. मराठीत मात्र ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ एकाच पंक्तीला बसतात. त्याने भोजनाची सोय होईल, अभ्यासाची नव्हे. सांध्याचे रूप ‘ऱ’च्या रूपात आणावे, पण ‘ऱ’ राखावा, हा निर्णय संगणकाचा नसून वर्णविचाराचा आहे. आणि तो मराठी विभागांनी परक्यांवर सोपवून ठेवला आहे.

पदव्युत्तर वर्गांना येथे लगेच हाती घेता येईल असे काम आहे. चऱ्होली, कऱ्हाड, कऱ्हा, बऱ्हाणपूर ही नावे आपल्याच विद्यापीठाच्या तालिकेत दोन्ही रीतींनी, शिवाय रफार देऊनही, शोधावीत. प्रत्येक वेळी किती व कोणते ग्रंथ हाती येतात आणि कोणते कपाटात असूनही येत नाहीत, याची नोंद ग्रंथपालांसमवेत बसून करावी.