गाडी दारात, मालक आखातात

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या बाजूला फिरलात तर अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी गाडी दिसतेच. मालक दुबईला, मस्कतला, नाहीतर बोटीवर. घरच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं : "गाडी रस्त्यावर येतच नाही, मग टॅक्स कसला?"

कायदा उलटा चालतो. गाडी ज्याच्या नावावर, ती तो वापरतोच आहे असं धरलं जातं. वापरणार नसाल तर तसं आधी लेखी कळवावं लागतं, गाडी कुठे उभी राहणार तेही सांगावं लागतं. यालाच नॉन-यूजचा अर्ज म्हणतात. तो मागाहून चालत नाही. तेव्हा परदेशी निघणाऱ्यांनो, तिकीट काढाल त्याच आठवड्यात हेही उरका. हे मुख्यतः वर्षाला कर भरणाऱ्या गाड्यांचं. आपल्याकडे धंद्याची गाडी भावाच्या हवाली करून आखातात गेलेले पुष्कळ आहेत. भाऊ चार महिन्यांनी धंदा सोडतो आणि थकबाकीवर व्याज मात्र चढत राहतं.

घरच्या कारचं निराळं. तिचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो. पण 15 वर्षांनी पासिंग संपतं, मग पुनर्नोंदणीचं शुल्क आणि पर्यावरण कर असे दोन्ही भरावे लागतात. पैसे रियाधमधून भरता येतील, पण गाडी तपासणीला न्यावीच लागते. एमएच 06 असेल तर पेणच्या आरटीओ कार्यालयाकडे. विमा आणि पीयूसी त्याआधी चालू करून घ्या.

आता जे बाहेर आहेत आणि ज्यांची थकबाकी झालीच आहे त्यांच्यासाठी. परिवहनच्या अधिकृत पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून बाकी पाहता येते. अडतं ते ओटीपीला, कारण नोंदवलेला मोबाइल नंबर तुम्ही गेलात तेव्हाच बंद पडलेला असतो. पहिल्यांदा तो बदलून घ्या. पैसे शक्यतो स्वतःच्या एनआरओ खात्यातून भरा आणि पावती जपून ठेवा. "मी बघतो साहेब" म्हणणाऱ्या एजंटला रोख देऊन पावतीची वाट बघत बसू नका. व्हॉट्सअॅपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल आली तर उघडू नका. तिच्यातून बँक खातं रिकामं होतं.

सगळ्यात धोक्याची म्हणजे विकलेली गाडी. पैसे हातात, चावी घेणाऱ्याच्या हातात, आरसीवर नाव मात्र अजून तुमचंच. सुप्रीम कोर्टाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून ठेवलंय, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीवरच्या मालकावर. कर तर दूरच राहिला. फॉर्म 29 आणि 30 वर सही करून ते कार्यालयात पोहोचल्याची खात्री झाल्याशिवाय विमानात बसू नका.

निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, ज्यांच्या गाडीवर माड पडला आणि नंतर ती भंगारवाल्याने नेली, त्यांनीही आरसी काढून बघावी. नोंदणी रद्द करून घेतली नसेल तर कागदावर ती गाडी अजून उभी आहे. मालक वारले असतील तर वारसांनी फॉर्म 31 भरून नाव लावून घ्यावं. भावाबहिणींच्या वाटणीचा वाद मिटेपर्यंत थांबलात तर तिथेही बाकी वाढेल.

या कामांसाठी गावातल्या कुणाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करा. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. बरीच माणसं इथेच चुकतात आणि मग दंड भरतात.