स्वप्नाची साक्ष

सतराव्या शतकात जेझुइट पाद्री आजच्या कॅनडातल्या ह्युरॉन-वेन्डॅट लोकांत राहत होते. त्यांनी फ्रान्सला धाडलेल्या अहवालांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: ही माणसं स्वप्नाचा शब्द मोडत नाहीत. शिकारीला कधी निघायचं, आजाऱ्याला बरं कसं करायचं, सगळं स्वप्नावरून ठरतं. पाद्र्यांना त्यात सैतान दिसला. पण त्यांच्यातल्याच पॉल रागनो यांनी 1640 च्या दशकाच्या अखेरीस ही समजूत नीट टिपून ठेवली. आत्म्याच्या काही इच्छा माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतात, त्या स्वप्नातून बोलतात, असं हे लोक मानत. फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या ग्रंथाआधी सुमारे अडीचशे वर्षांची ही नोंद आहे. युरोपने ती ज्ञान म्हणून वाचलीच नाही.

पुढे तक्रारीचा कायदा झाला. स्वप्नात लाभलेली गाणी आणि बोललेली व्रतं आदिवासींच्या ज्या समारंभांतून चारचौघांत येत, त्यांच्यावर कॅनडा सरकारने 1884 आणि 1895 साली बंदी आणली. ती 1951 साली उठली. तोवर निवासी शाळांनी आदिवासी मुलांना आजी-आजोबांपासून तोडलं होतं. पहाटे उठून स्वप्न सांगावं तर ऐकणारं जाणतं माणूस जवळ नव्हतं.

ह्यू ब्रॉडी यांच्या 1981 च्या ‘मॅप्स अँड ड्रीम्स’मधला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्येला, दने-झा लोकांच्या शिकारीच्या मुलखातून, वायुवाहिनी न्यायचं घाटत होतं. सुनावणीसाठी अधिकारी वस्तीवर आले. तिथे वडीलधाऱ्यांनी कातड्याचं एक गाठोडं सोडलं. आत टेबलाएवढा नकाशा होता, रंगीत खुणांनी भरलेला, स्वप्नात पाहिलेल्या वाटांचा. त्याचा एक कोपरा कापलेला होता. स्वर्गाची वाट सहज सापडणार नाही अशा एका मृताबरोबर तो तुकडा पुरला होता. जमिनीवरचा हक्क सांगायला त्यांनी आपलं सर्वांत जपलेलं कागदपत्र पुढे केलं होतं, आणि ते वाचायची तयारी सरकारकडे नव्हती.

स्वप्नाला ज्ञान मानायचं का, हा वाद आज विद्यापीठांत आहे. मोहॉक विदुषी मार्लिन ब्रँट कॅस्टेलानो यांनी 2000 साली आदिवासी ज्ञानाचे तीन उगम मांडले: परंपरेने आलेलं, निरीक्षणातून मिळालेलं आणि स्वप्न-दृष्टान्तांतून प्रकटलेलं. क्री संशोधक शॉन विल्सन यांनी 2008 साली संशोधनालाच विधी म्हटलं. पुढच्याच वर्षी मार्गारेट कोवाच यांनी आपल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात स्वप्नांना जागा दिली.

आक्षेप ठरलेला आहे: स्वप्न पडताळायचं कसं? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणारे दने-झांची पद्धत बघत नाहीत. शिकाऱ्याला स्वप्नात वाट दिसते आणि मग तो त्या वाटेने जातो. जनावर भेटलं नाही तर घरात मांस येत नाही. याहून कडक कसोटी कोणत्या प्रयोगशाळेत आहे? शिवाय स्वप्न एकट्याचं राहत नाही. ते वडीलधाऱ्यांपुढे ठेवायचं, त्यांनी तोलायचं, कधी गप्प राहायलाही सांगायचं.

म्हणूनच स्वप्न ‘डेटा’ म्हणून गोळा करायला निघालेल्या संशोधकांची मला पाद्र्यांइतकीच धास्ती वाटते. कॅनडाच्या संशोधननीतीत 2010 पासून आदिवासी समाजांवरच्या संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. समाजाला सहभागी करून घ्या, असं ते सांगतं. तो सहभाग परवानगीच्या सहीवर थांबू नये. ज्या प्रबंधात स्वप्न पुरावा म्हणून येतं, त्याच्या परीक्षकांत ते तोलू शकणारे वडीलधारे असायला हवेत, आणि त्यांच्या नकाराला प्राध्यापकाच्या नकाराइतकंच वजन हवं.